उडीचा फोटो पुरे

गेल्या वर्षी माझ्या एका फोटोला आयुष्यात कधी मिळाले नव्हते एवढे लाइक्स मिळाले. त्याच फोटोने एका मुलीचा चांगला नाच बिघडवला. पहिल्या गोष्टीसाठी माझं भरपूर अभिनंदन झालं. दुसऱ्या गोष्टीबद्दल मला अजून कुणी काही बोललेलं नाही, म्हणून मीच बोलतो.

मी नेऱ्याचा. पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे तोंड करून निघालात की गाढी नदीच्या बाजूला लागतं ते गाव. आठवड्याचे पाच दिवस कोड लिहितो आणि शनिवार-रविवार नाचाच्या प्रयोगांचे फोटो काढतो. समकालीन नृत्य, म्हणजे ज्याला सगळे कंटेम्पररी म्हणतात ते. कधी पैसे मिळतात, कधी पास आणि चहा. शेअर रिक्षाने पनवेल स्टेशन, तिथून हार्बरने सीएसएमटी. परतीच्या लोकलमध्ये मी फोटो निवडतो. वाशीची खाडी येईपर्यंत नकोशांवर फुली मारून झालेली असते, खांदेश्वरला बारा उरतात, रिक्षात बसलो की पोस्ट.

त्या रात्रीही तसंच केलं. मुंबईतलं एक छोटं थिएटर, शंभरेक खुर्च्या, एकटीचा वीस मिनिटांचा नाच. नाचणारी रायगडचीच, माझ्याच वयाची. विषय लावणी. फडावरची नव्हे, शेतातली, भाताची. जवळजवळ अठरा मिनिटं ती कमरेत वाकलेली होती. वाकूनच मागे मागे सरकत होती. डाव्या हातात नसलेल्या रोपांची मूठ, उजव्या हाताने ती नसलेल्या चिखलात खोवत होती. संगीत असं काही नव्हतंच, तिचा श्वास तेवढा ऐकू यायचा. पाच मिनिटांनी लोक चुळबुळले, दहा मिनिटांनी शांत झाले, पंधराव्या मिनिटाला माझ्या शेजारच्या काकू स्वतःची कंबर चोळत होत्या. शेवटाकडे ती एकदा सरळ झाली, पाठीवर हात ठेवला, वर पाहिलं आणि एकदाच, एकच उडी मारली. खाली आली, पुन्हा वाकली. दिवे गेले.

मी बारा फोटो टाकले. त्यातले सात त्या शेवटच्या अर्ध्या मिनिटाचे. पहिला अर्थातच उडीचा: केस हवेत, हात पसरलेले, मागे निळा प्रकाश. दोन दिवसांत तो कुठल्या कुठे गेला.

पुढचं थोडक्यात सांगतो. तो फोटो पाहून तिला एका महोत्सवाचं बोलावणं आलं. पोस्टरवर तोच फोटो. आयोजकांनी प्रेमाने सुचवलं की तो उडीचा भाग जरा वाढवता आला तर बरं, आणि आधीचा वाकलेला भाग जरा आवरता आला तर आणखी बरं. मी तो प्रयोगही पाहिला. बारा मिनिटांचा झाला होता, त्यात चार उड्या होत्या. शेजारी कुणी कंबर चोळत नव्हतं. टाळ्या मात्र जास्त पडल्या. नंतर विंगेत ती गुडघ्याची पट्टी सोडत बसली होती, तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत बोललो. ती म्हणाली, "तुझा फोटो बघून बोलावलंय ना? मग फोटोतलं द्यायलाच लागणार." आवाजात राग नव्हता. हिशोब सांगावा तसं सांगितलं.

माझं म्हणणं एका वाक्याचं आहे. रंगमंचावरच्या नाचाचे फोटो काढणारे आपण सगळे उडीच्या नादी लागलोय, आणि त्यामुळे नाचाचे फोटो खोटे होतायत एवढ्यावर न थांबता आता नाचही खोटा व्हायला लागलाय.

कॅमेऱ्याला उडी का आवडते

फोटोग्राफर याला 'क्षण पकडणं' म्हणतात. जणू वाघच धरला. मी इंजिनिअर आहे, मला त्यात बारावीचं फिजिक्स दिसतं.

समजा नाचणारी पन्नास सेंटिमीटर उंच उडाली. ती हवेत साधारण ०.६४ सेकंद असते. वर जाताना वेग कमी होत जातो, माथ्यावर तो शून्य होतो, मग ती खाली येते. गणित करून पाहा: या वेळातला निम्मा वेळ ती उडीच्या वरच्या पाव उंचीत, म्हणजे वरच्या साडेबारा सेंटिमीटरमध्येच असते. म्हणून तर नाचणारे तरंगल्यासारखे दिसतात. आजचा बरा कॅमेरा सेकंदाला वीस फोटो काढतो. म्हणजे एका उडीत बारा-तेरा फ्रेम, त्यातल्या सहा माथ्याजवळच्या, जिथे वर-खाली हालचाल जवळपास नाहीच. अंधाऱ्या थिएटरात शटर फार वेगवान ठेवता येत नाही, तरी या सहा फ्रेम बऱ्यापैकी स्वच्छ येतात. बटण दाबून ठेवायचं, बस. क्षण तुम्ही पकडत नाही. गुरुत्वाकर्षण तो तुमच्यासाठी धरून ठेवतं.

आता वाकलेल्या बाईचा फोटो काढायला जा. प्रकाश वरून आणि बाजूने येतो, तिचा चेहरा सावलीत, केस पुढे. नव्या कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस डोळा शोधायला शिकलेला असतो. वाकलेल्या बाईचा डोळा त्याला सापडत नाही. तो गोंधळतो, मागच्या पडद्यावर जातो, परत येतो, पुन्हा हरवतो. हात भरभर हलतोय, त्यामुळे तो पुसट. पाठ तेवढी स्थिर. स्क्रीनवर बघितलं की वाटतं, फोटो गेला. आपण पुढे सरकतो आणि ती उभी राहण्याची वाट पाहतो.

म्हणजे यंत्राला जे सोपं ते आपण सुंदर ठरवलं. मग आपल्या निवडीवर इन्स्टाग्रामने शिक्का मारला, कारण अंगठ्याने वर ढकलताना अर्ध्या सेकंदात कळतो तो हवेतला माणूस. पाठ वाचायला वेळ लागतो. मग आयोजकाने तोच फोटो पोस्टरवर घेतला. मग नाचणाऱ्याने पोस्टर पाहून नाच बदलला. सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार ओळखीचा आहे: जे मोजता येतं त्यासाठीच सिस्टम काम करू लागते, आणि जे करायला ती बनवली होती ते राहून जातं.

तासाभराच्या प्रयोगात अशा वीस उड्या असल्या तरी त्यांचा एकूण हवेतला वेळ तेरा सेकंदांच्या आत भरतो. तेरा सेकंदांच्या जोरावर आपण छत्तीसशे सेकंदांची ओळख करून देतो.

जमीन सोडली ती बॅलेने

यातली खरी थट्टा वेगळीच आहे. उडी ही समकालीन नृत्याची खूण कधी नव्हतीच. युरोपातल्या बॅलेला वर जायचं होतं. टाचा उचलायच्या, वजन लपवायचं, बाई पिसासारखी दिसली पाहिजे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मार्था ग्रॅहम, डोरिस हम्फ्री या अमेरिकी बायकांनी त्याला नाही म्हटलं. ग्रॅहमने पोट आत खेचणं आणि सोडणं यावर, श्वासावर तंत्र उभं केलं आणि विद्यार्थ्यांना आधी जमिनीवर बसवलं. हम्फ्रीने पडणं आणि सावरणं हाच नाचाचा गाभा मानला. १९७२मध्ये स्टीव्ह पॅक्स्टनने कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन सुरू केलं, तिथे तर एकाचं वजन दुसऱ्याच्या अंगावर टाकणं हेच सगळं. माणसाला वजन आहे, तो दमतो, तो पडतो, ही या नाचाची मूळ कबुली. आणि आपण तिची जाहिरात करतो ती वजन नसलेल्या माणसाच्या फोटोने.

आपल्याकडचं बघा. चंद्रलेखा जन्मली १९२८ साली वाड्यात. तोच वाडा, जो तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता आणि आता पालघरमध्ये आहे. पुढे ती चेन्नईला गेली, भरतनाट्यम शिकली, मग त्यातली देवळाची सजावट बाजूला ठेवून भरतनाट्यम, योग आणि कळरीपयट्टू यांतून स्वतःची भाषा घडवली. २००१चं 'शरीर' हे तिचं शेवटचं काम. एक बाई, एक पुरुष, गुंदेचा बंधूंचं धृपद आणि अतिशय संथ हालचाल. एक पाय वर जायला जो वेळ घेतो त्यात आपली अख्खी रील संपते. अस्ताद देबू मुंबईत राहिले, २०२०मध्ये गेले. कथक आणि कथकली दोन्ही शिकलेला हा माणूस रंगमंचावर इतक्या हळू गिरकी घ्यायचा की ती सुरू कधी झाली ते कळायचं नाही. या दोघांना आजच्या फोटोग्राफरपुढे उभं करा. आपण बर्स्टवर बोट ठेवून वाट बघत बसू, आणि प्रयोग संपल्यावर म्हणू, "आज काही मिळालं नाही यार."

काही मिळालं नाही! बाई तासभर समोर श्वास घेत होती आणि आपल्याला काही मिळालं नाही.

उरतो तो फोटोच

कुणी म्हणेल, फोटोच तो, एवढं काय. फोटो वेगळा, नाच वेगळा. ज्याला नाच बघायचाय तो थिएटरात येईल.

कोण येईल? शंभर खुर्च्यांचं थिएटर, दोन प्रयोग. नाच त्या रात्री संपतो. त्याची संहिता छापली जात नाही, त्याचं गाणं रेडिओवर लागत नाही. व्हिडिओ असतो तो मागच्या भिंतीवरच्या एका कॅमेऱ्याचा, ज्यात माणूस नखाएवढा दिसतो. जगाला कळतो तो फोटो. अनुदानाच्या अर्जाला फोटो लागतो, महोत्सवाच्या निवडीला फोटो लागतो, बातमीला फोटो लागतो.

वास्लाव निजिन्स्कीचं उदाहरण घ्या. उडीसाठी जगभर नाव झालेला नर्तक, पण त्याच्या नाचाची एकही फिल्म नाही. आहेत ते फोटो, बहुतेक पोझ घेऊन काढलेले. त्याने १९१३मध्ये पॅरिसमध्ये 'राइट ऑफ स्प्रिंग' बसवलं, ज्यात पाय आत वळवून, पाठ वाकवून जमिनीवर पाय आपटायचे होते. थिएटरात आरडाओरडा झाला. थोडेच प्रयोग होऊन ते बंद पडलं आणि नाच हरवला. तब्बल ७४ वर्षांनी, १९८७मध्ये, मिलिसेंट हॉडसन आणि केनेथ आर्चर यांनी तो पुन्हा उभा करून अमेरिकेतल्या जॉफ्री बॅलेकडून सादर करवला. कशाच्या आधारावर? टिपणं, आठवणी, कपडे, त्या वेळी काढलेली रेखाटनं आणि फोटो. त्या फोटोंत नर्तक पाय आत वळवून, अवघडून उभे आहेत, म्हणून तो नाच सापडला. त्या काळी कुणी त्यांना सांगितलं असतं की जरा छान उडी मारा, फोटो चांगला येईल, तर आज आपल्याकडे एक खोटा 'राइट ऑफ स्प्रिंग' असता.

माझ्या मैत्रिणीचा नाच पन्नास वर्षांनी कुणाला शोधावासा वाटला, तर त्याला माझे बारा फोटो सापडतील. तो म्हणेल, भातलावणीवरचा हा नाच फारच उत्साही होता बुवा.

कायदा कुणाच्या बाजूने

हा सगळा मामला आणखी वाकडा होतो, कारण या फोटोवर नाचणाऱ्याचा हक्क जवळपास नाहीच. मी वकील नाही, पण स्पेसिफिकेशन वाचता येतं. १९५७चा कॉपीराइट कायदा म्हणतो, फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा. आयोजकाने पैसे देऊन काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक आयोजक. नृत्यरचना ही कायद्याच्या भाषेत नाट्यकृतीत मोडते, पण ती लिहून किंवा दुसऱ्या कुठल्या रीतीने नोंदवलेली असली तरच. अंगात असलेला नाच कायद्याला दिसत नाही.

कलाकाराला वेगळे हक्क आहेत. आपल्या प्रयोगाचं ध्वनी किंवा दृश्य मुद्रण करू द्यायचं की नाही हे तो ठरवू शकतो. पण दृश्य मुद्रणाची व्याख्या वाचली तर ती हलत्या प्रतिमांबद्दल आहे. स्थिर फोटो त्या दारातून अलगद बाहेर निसटतो. २०१२च्या दुरुस्तीने कलाकाराला आपलं नाव दिलं जाण्याचा आणि आपल्या सादरीकरणाची मोडतोड रोखण्याचा हक्क मिळाला, हे खरं. पण अठरा मिनिटं गाळून अर्धा सेकंद दाखवणं ही मोडतोड आहे, हे कुठल्या कोर्टात आणि कुणाच्या पैशाने सिद्ध करायचं? जिचं अंग, जिचा घाम, जिचा गुडघा, तिने पोस्टरबद्दल नाही म्हणायचं ठरवलं तरी तिच्या हातात आहे काय? माझी सभ्यता. तेवढ्यावर कुणी विसंबू नये. मी तो फोटो टाकण्याआधी तिला दाखवलासुद्धा नव्हता.

फोटोग्राफर काय म्हणतील

पहिलं: फोटो ही आमची स्वतंत्र कला आहे, आम्ही नाचाचे कारकून नाही. मान्य. मग स्टुडिओ घ्या. न्यूयॉर्कची लोइस ग्रीनफील्ड अनेक वर्षं तेच करते. नर्तकांना स्टुडिओत बोलावते, कुणाची नृत्यरचना टिपत नाही, फक्त कॅमेऱ्यासाठी हालचाल घडवते. तिच्या फोटोत लोक हवेत असतात आणि त्यात काहीही खोटं नाही, कारण तो फोटो कुणाच्या प्रयोगाचा असल्याचा दावाच करत नाही. दुसऱ्याच्या प्रयोगात, दुसऱ्याच्या प्रकाशात, तिसऱ्या रांगेतली खुर्ची अडवून काढलेल्या फोटोखाली तुम्ही त्या प्रयोगाचं नाव लिहिता, तेव्हा तुम्ही साक्षीदार असता. साक्षीदाराने कलेच्या नावाखाली साक्ष फिरवू नये.

दुसरं: संथ नाचाचा फोटो होतच नाही. याला उत्तर १९४० सालापासून उपलब्ध आहे. बार्बरा मॉर्गनने काढलेला मार्था ग्रॅहमचा 'लेटर टू द वर्ल्ड'मधला फोटो विसाव्या शतकातल्या नाचाच्या फोटोंपैकी सर्वांत प्रसिद्ध असावा. फोनवर शोधून बघा. ग्रॅहम कमरेत वाकलेली आहे, कपाळाशी हात, एक पाय मागे उचललेला, झगा कमानीसारखा फिरलेला. दुसरा पाय जमिनीवर आहे. तो फोटो मॉर्गनला बर्स्टवर सापडला नाही. ती ग्रॅहमचे नाच पुन्हा पुन्हा पाहत असे, त्यातलं काय महत्त्वाचं ते आधी समजून घेत असे, मग दोघी मिळून स्टुडिओत तो क्षण पुन्हा घडवत. जगातली सगळ्यांत गाजलेली नाचणारी बाई वाकलेली आहे, आणि आम्ही म्हणतो वाकलेल्या बाईचा फोटो होत नाही.

तिसरं, आणि हे मला खरंच टोचतं: तुझ्या त्या फोटोमुळेच तिला काम मिळालं, मग रडतोस कशाला? हो, मिळालं. समकालीन नृत्यात काम मिळणं किती अवघड आहे ते मला दिसतं. हे लोक सकाळी शाळेत झुम्बा शिकवतात, दुपारी जाहिरातीच्या ऑडिशनला उभे राहतात आणि रात्री तालीम करतात. म्हणूनच तर फोटोग्राफरच्या हातात एवढी ताकद आलीय, आणि म्हणूनच ती जपून वापरायला हवी. काम मिळालं, पण वेगळ्याच नाचाला मिळालं. तिने वर्षभर जो बसवला होता त्याला कुणी बोलावलेलं नाही.

हळदीचा कॅमेरामन

मला शहाणपण शिकवलं ते माझ्या चुलतभावाने. तो लग्नांची शूटिंग करतो. आमच्याकडची हळद तुम्ही पाहिली नसेल तर एकदा पाहा. एकीकडे धवलारीण धवले गाते, दुसरीकडे बेंजो पार्टी, आणि रात्री बारानंतर आख्खं गाव अंगणात. त्या गर्दीत हा गिम्बल घेऊन उभा असतो. मी त्याला विचारलं, एवढ्या माणसांत कुणावर कॅमेरा धरायचा हे कसं कळतं? तो म्हणाला, "गाना बदलला का काका खाली बसनार, माना म्हाईत हाय."

काका कुठल्या गाण्याला खाली बसतात, कुठली आत्या कुठल्या ओळीला रडते, कुठला पोरगा फक्त दाखवायला नाचतोय, त्याला ठाऊक असतं. त्याला माणसं ठाऊक आहेत आणि गाणी ठाऊक आहेत. आम्ही थिएटरात महागड्या लेन्सा घेऊन जाणारे, प्रयोगाच्या दहा मिनिटं आधी पोचतो, पत्रकावरचं नाव वाचत नाही आणि अंधार झाला की शिकारीला बसतो.

माझी लाज तर त्याहून मोठी आहे. मला ते गाणं ठाऊक होतं. आईने आयुष्यभर भात लावलाय. जुलैमध्ये शाळेतून येताना बांधावरून मला आधी दिसायची ती इरल्याखालची आईची पाठ. आता आजूबाजूच्या शेतांत प्लॉटचे दगड उभे राहिलेत, पण आमचा एक तुकडा अजून लागतो. ज्या दृश्यात मी वाढलो तेच दृश्य माझ्यासमोर अठरा मिनिटं होतं, आणि वाशीची खाडी यायच्या आत मी त्यावर फुली मारली होती.

दुसरा प्रयोग पाहून आल्यावर मी हार्ड डिस्कवरचं ते फोल्डर पुन्हा उघडलं. एक फ्रेम सापडली. शटर चुकून एक पंधरांश सेकंदावर राहिलं होतं. पाठ स्वच्छ, दगडासारखी. उजवा हात मात्र पुसटून जमिनीपर्यंत रेघ झालेला. चेहरा नाहीच. मी आईला आधी तो प्रसिद्ध उडीचा फोटो दाखवला. तिने चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "पडतेय काय ही?" मग हा दुसरा दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "मूठ मोठी धरलेय. एवढी मोठी मूठ धरली तर मनगट भरून येतं."

त्या फोटोत मूठ नव्हती. रोपं नव्हती. चिखल नव्हता. आईने थिएटर पाहिलेलं नाही आणि तिला कुणी विषय सांगितला नव्हता.

मी तो फोटो त्या मैत्रिणीला पाठवला, सोबत आईचं वाक्यही. तिचं उत्तर आलं: "हा आधी का नाही टाकलास?" आणि थोड्या वेळाने: "काकूंना विचार, मूठ केवढी धरायची."

मग करायचं काय

मी कॅमेरा विकणार नाही. पण काही गोष्टी बदलल्या आहेत आणि बाकीच्यांनीही बदलाव्यात, असं माझं भांडण आहे.

एक तालीम कॅमेऱ्याशिवाय बघायची. वेळ नसेल तर तो प्रयोग घ्यायचा नाही. काढताना शटर गप्प, मागचा स्क्रीन बंद, फोकसचा लाल दिवा बंद. लोक तुमचा खटखटाट ऐकायला आलेले नाहीत. फोटो द्यायचे ते प्रयोगाच्या क्रमाने, आणि प्रयोगात जे जितका वेळ होतं त्याच्याशी इमान ठेवून. अठरा मिनिटं वाकलेली असेल तर बारापैकी दहा वाकलेले. उडी असेल तर एक, शेवटून दुसरी, जिथे ती खरोखर होती. टाकण्याआधी नाचणाऱ्याला दाखवायचे, आणि तो एखाद्याला नाही म्हणाला तर कारण विचारायचं नाही. खाली नाव नाचणाऱ्याचं, नृत्य बसवणाऱ्याचं आणि प्रकाशयोजना करणाऱ्याचंही, कारण ज्या निळ्यासाठी तुम्हाला शाबासकी मिळते तो त्याचा असतो.

आयोजकांनो, फोटोग्राफरला प्रयोगाच्या दिवशी पास देऊन काम भागवू नका. तालमीला बोलवा, पैसे द्या, आणि पोस्टरचा फोटो नाचणाऱ्याला निवडू द्या. नाच बदला असं सुचवण्याआधी एकदा अख्खा नाच बघा.

आणि तुम्ही, जे हे फोनवर वाचताय. थिएटरात तुमचाही हात खिशाकडे जातो तो उडीच्याच वेळी. मला मागून दिसतं, एकदम वीस स्क्रीन पेटतात. बाकी वेळ फोन खिशातच होता, तिथेच राहू द्या. आणि पुढच्या वेळी बोटाखाली हवेतला माणूस आला की लाइक करण्याआधी एकच विचारा: हा खाली कसा आला? फोटो टाकणाऱ्याला कमेंटमध्ये विचारा. त्याने तालीम पाहिली असेल तर त्याला सांगता येईल.

या जुलैमध्ये ती नेऱ्याला येणार आहे, लावणीला. आईने तिला दोन दिवस राहायला सांगितलंय, एका दिवसात हात बसत नाही म्हणून. मी विचारलं, कॅमेरा आणू का. आई म्हणाली, चिखलात दोन हात कमीच पडतात, तूही वाक.